चाळीस कच्ची केळी

बानी, २ जुलै २०१४
चिकुनगुनियातून पाच दिवसांत उठलो. वय सहासष्ट. गल्ली अजून आडवी आहे. इच्छाशक्ती, दुसरं काही नाही.

६ जुलै
मेहुणी एर्सिलियाला माझ्याबरोबरच ताप आला होता. तिची बोटं अजून सुजलेलीच. मन दुसरीकडे वळव म्हटलं. ती म्हणाली, दाजी, आधी कपाचा कान धरता येऊ दे, मग मन वळवते.
वीस तारखेला बायकोला, नेरेइदाला, जाऊन वर्ष होईल. प्रार्थनेला चाळीस माणसं. केळीच्या पानात उकडलेले पास्तेल घरचेच करीन, असा नेरेइदाला शब्द दिलाय. केळी किसणार होती एर्सिलिया.

९ जुलै
तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या तापानंतर बायकांचे सांधे जास्त दिवस धरतात. त्यांची प्रतिकारशक्ती जोरात लढते, मग लवकर शांत होत नाही. पुरुषांचे हार्मोन सूज जरा आवरतात. बायकांचे कधी वाढवतात, कधी कमी करतात. पाळी गेल्यावर तोही तोल बदलतो. इच्छाशक्तीचं विचारलं. बाई हसल्या. तरुण आहेत, अनुभव कमी.

संध्याकाळी
म्हणजे माझे हार्मोन अजून उत्तम आहेत. एर्सिलियाला तसं सांगितलं. म्हणाली, मग त्यांनाच बसवा की किसायला. बसवतो म्हटलं.

१८ जुलै
केळी चाळीस. तासाला वीस. दोन तासांत मोकळा. मोजणी खात्यात जन्म गेला, अंदाज चुकत नाही.

१९ जुलै, सकाळी नऊ
पाच झाली. किसणी बोथट आहे.

अकरा
सात. अंगठाही किसला गेला. किसणी बोथट नाही.

दुपारी
मनगट उचलेना. एर्सिलियाने चार शेजारणींना हाक मारली. सगळ्यांची बोटं सुजलेली. एक म्हणाली, सरका पाहुणे. आळीपाळीने किसत होत्या, मधूनमधून हात गरम पाण्यात धरत होत्या, माझ्यावर हसत होत्या.
एर्सिलिया म्हणाली, नेरेइदाचीही बोटं दर डिसेंबरला, नाताळच्या पास्तेलपायी, अशीच सुजायची. साठ केळी किसायची. मला कधी बोलली नाही, म्हटलं. ती म्हणाली, तुम्ही कधी स्वयंपाकघरात आलात?


२० जुलै
प्रार्थना झाली. पास्तेल पुरले. कुणी केले, असं लोक विचारत होते. सात केळी माझी, हे सांगणार होतो. नाही सांगितलं. भांडी घासायला घेतली. दोन बशा फुटल्यावर बायकांनी मला बाहेर नेऊन बसवलं.