न्हाणीघराशेजारचा नळ

कोल्हापूर,
१३ जानेवारी २००२

ती. दादास,
अक्षताचा सप्रेम जयभीम. वि. वि.

शुक्रवारचं माझं पत्र खरं धरू नकोस. आम्ही पत्रं उघडीच रेक्टरबाईंकडे द्यायची, त्या वाचून पाकिटात घालतात. म्हणून त्यात सगळं छान होतं. हे पत्र माझ्या वर्गातल्या आदितीकडे दिलंय. ती घरून शाळेत येते. उत्तर तिच्याच पत्त्यावर पाठव.

वसतिगृहात पाच मुलींना कावीळ झालीय. बाई म्हणतात, पोरी शाळेबाहेरची बोरं-चिंचा खातात. पण न्हाणीघराशेजारच्या नळाच्या पाण्याला आठ दिवस वास येतोय. मी सांगायला गेले तर म्हणाल्या, चंदगडच्या डोंगरातनं आलीस आणि इथल्या पाण्याला नावं ठेवतेस व्हय? सगळ्या हसल्या. मीही हसले.

आपली धाकटी शिवानी खेळून आली की त्याच नळाला तोंड लावते. रागावलं तरी ऐकत नाही, तुझ्यावरच गेलीय. दादा, मी काय करू ते लगेच कळव.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
अक्षता

नेसरी,
१७ जानेवारी २००२

चि. अक्षतास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. माझी शाळा बरी चालली आहे. पहिलीतली पोरं मला गुरुजी म्हणायचं सोडून मामा म्हणतात.

आता नीट ऐक. आपल्या गावात शाळा सातवीपर्यंतच. तुझी आणि शिवानीची जागा मिळावी म्हणून मी वसतिगृहाच्या ऑफिसच्या पायरीवर किती दिवस काढले, तुला ठाऊक आहे. तक्रार केलीस तर दोघींची नावं कमी करतील. मग शेतात खुरपं, दुसरं काय? दहावीला सव्वा वर्ष राहिलंय. तेवढं गप्प राहा. पाणी उकळून प्या. आईबाबांना उगीच घोर लावू नकोस.

शिवानीला लाड, तुला शाबासकी.
तुझा दादा,
बुद्धभूषण

कोल्हापूर,
२३ जानेवारी २००२

दादास,
जयभीम.

उकळून प्या म्हणालास. कशावर उकळू? स्वयंपाकघरात आम्हाला पाऊल टाकू देत नाहीत.

शिवानीला काल दवाखान्यात नेलं. डोळे हळदीसारखे पिवळे झालेत. पोटात अन्न राहत नाही. मला ओळखत होती, पण मधेच मलाच आई म्हणत होती. बाई म्हणाल्या, दोन दिवसांत बरी होईल, घरी कळवायची गरज न्हाय.

तुझं पत्र आल्यापासून मी गप्प होते. तू सांगितलंस म्हणून. आता नाही. आदितीच्या वडिलांना, नेमगोंडाकाकांना, सगळं सांगितलं. त्यांनी गावात सरपंचांकडे फोन करून बाबांना निरोप दिलाय.

अक्षता

नेसरी,
२५ जानेवारी २००२

चि. अक्षतास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. मला गावातून निरोप आला, की बाबा बांधकामावरूनच, थापी-हातोड्याच्या पिशवीसकट, आईला घेऊन एसटीत बसले. माझ्याशी बोलायलासुद्धा नेसरीत थांबले नाहीत. तू गप्प का राहिलीस, हे त्यांना ठाऊक आहे का? असेल तर मी त्यांच्यासमोर कसा उभा राहू?

मी भ्यालो होतो, अक्षता. माझी नोकरी अजून कच्ची. कुणाशी वाकडं नको, असंच मनात आलं. उद्या झेंडावंदन उरकलं की दवाखान्यात येतो.

राग असू दे, पण बोल.
दादा

कोल्हापूर,
२९ जानेवारी २००२

ती. दादास,
सप्रेम जयभीम.

रविवारी तू दवाखान्यातून परत गेलास, पुढचं सांगते. शिवानी काल पेज प्याली. डॉक्टर म्हणाले, धोका टळला. आई तिच्याजवळच आहे.

काल सकाळी बाबा माझं सामान न्यायला वसतिगृहावर आले. मला म्हणाले, ट्रंक भर. मग विचारलं, तो नळ कुठला? मी दाखवला. ते पाइपाच्या मागोमाग भिंतीकडेनं गेले आणि गटाराजवळची फरशी उचकटली. बाई धावत आल्या. म्हणाल्या, ओ पावणं, कुणाला इचारून खणताय? बाबांनी मान वर केली नाही. पाऊण हात खणलं. पाइप गंजून फुटलेला, आणि सगळा गटाराच्या पाण्यात बुडालेला. बाबा बाजूला झाले आणि बाईंना म्हणाले, जरा वाकून बघा की. बाई वाकल्या आणि पदर नाकाला लावला. गॅलरीत साठ मुली उभ्या होत्या. कुणी हसलं नाही.

दुपारी महापालिकेची माणसं बाटल्यांतून पाणी घेऊन गेली. नळ बंद केला, आता टँकर येतो. संध्याकाळी बाईंनी मला बोलावलं. म्हणाल्या, पुढच्या वर्षी जागा मिळंल न मिळंल, कमिटी ठरवंल. मी बरं म्हटलं.

बाबा ट्रंक उचलायला लागले तेव्हा मी न्हाय म्हणाले. वार्षिक परीक्षेपर्यंत तरी मला कुणी हलवू शकत नाही. त्यांनी ट्रंक खाली ठेवली. मग पिशवी खांद्याला लावून एकटेच दवाखान्याकडे गेले. तू काय लिहिलं होतंस ते मी त्यांना सांगितलं नाही. ते तू सांग.

मी ट्रंक उघडून कपडे परत लावले. शेजारची शिवानीची गादी गुंडाळून ठेवलीय. ती बरी झाली की तिला इथे पाठवायचं की नाही, हे तू आणि बाबा ठरवू नका. तिला विचारा.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
अक्षता