थेल्माबाईंविषयी माझ्या तक्रारी

टेक्सास, फेब्रुवारीचा दुसरा बुधवार

आदरणीय ऑल्गाताई यांना, त्यांच्या धाकट्या बहिणीचा नवरा नेस्टर याचा उन्हातून नमस्कार.

गुडघे कसे आहेत? तिकडे कॅनडात, सेलकर्कला उणे बत्तीस असल्याचं कळलं, आणि दारातला बर्फ तुम्ही स्वतःच उपसत असणार याची खात्री असल्यामुळे इथे बसून तुमच्यावर रागावलोसुद्धा. मी अर्ध्या बाहीच्या शर्टात आहे, दारातल्या झाडाला ग्रेपफ्रूट लगडलेत आणि मी अत्यंत सुखात आहे. (हे वाक्य दोनदा वाचू नका.)

मारूसियाला जाऊन हा तिसरा हिवाळा. पहिले दोन मी थंडी चुकवायला येणाऱ्या म्हाताऱ्यांच्या या वस्तीत पडदे ओढून, शब्दकोडी सोडवत काढले, हे तुम्हाला ठाऊक आहे. यंदाही तोच बेत होता. पण नोव्हेंबरात थेल्मा गुडमंडसन नावाच्या बाईंनी माझं दार बडवलं. या तुमच्याच बाजूच्या, गिमलीच्या, एका कोळ्याच्या विधवा. वय त्र्याहत्तर, आवाज तळ्याच्या पलीकडे पोचेल असा. ओळखदेख काही नाही, सरळ म्हणाल्या, “आत काय अंडी उबवतोयस? चल, शफलबोर्डला चौथा माणूस हवाय.”

तेव्हापासून माझे हाल सुरू झाले. शफलबोर्ड म्हणजे लांब काठीने चकती ढकलायची, म्हटलं तर पोरखेळ. पण शेजारच्या वस्तीशी अंतिम सामना होता, आणि सातच्या घरात सुखरूप बसलेली आमचीच चकती मी दुसऱ्या चकतीने मागे, वजा दहाच्या घरात लोटली. पलीकडच्या टोकाहून थेल्माबाई ओरडल्या, “नेस्टर, डोळे आहेत की शर्टाची बटणं?” साठ माणसं हसली. (मीही हसलो. किती महिन्यांनंतर, ते मोजायचं राहून गेलं.)

गुरुवारी दुपारी नाच असतो. बायका चाळीस, पुरुष अकरा, त्यातल्या तिघांचे खुबे नवे. त्यामुळे दोन ते चार मी भाड्याच्या सायकलीसारखा हातोहात फिरतो. थेल्माबाई तर मला नाचवतात, पाऊल त्याच टाकणार, वळणही त्याच घेणार. मारूसिया मला पुढे होऊ द्यायची. (होऊ द्यायची, हे मला आत्ता कळतंय.)

आपल्या युक्रेनी नाताळाला, सात जानेवारीला, सगळ्यांनी एकेक पदार्थ आणायचा होता. मी आयुष्यात पहिल्यांदा पिरोही केल्या, मारूसिया करायची तशा, बटाट्याचं सारण भरून उकडलेल्या, वर परतलेला कांदा. पाण्यात सोडल्या चाळीस, बाहेर आला एक गोळा. टेबलावर ठेवला तर टेबल हललं. कुणी हात लावेना. तेव्हा या बाईंनी सुरी घेतली, केकसारखे दोन काप काढले, सगळ्यांदेखत उभ्याने खाल्ले आणि म्हणाल्या, “कांदा छान परतलायस.” मी गाडीची हवा तपासायला म्हणून बाहेर गेलो आणि बराच वेळ तपासत राहिलो.

शेवटची तक्रार कालची. गेल्या आठवड्यात त्या पोहण्याच्या तलावाच्या पायरीवर घसरल्या, खुब्याला तडा गेला, आणि काल त्यांना घरी न्यायला मुलगा आला. त्याच सकाळी मी नदीपलीकडे मेक्सिकोत दाढ काढायला गेलो होतो (तिकडे स्वस्त, म्हणून आमच्या सगळ्या वस्तीच्या दाढा पलीकडेच पडतात). परतलो तो गाडी सुरू झालेली, बाई मागच्या सीटवर उशांत बसलेल्या. मी धावलो. खिडकीशी जाऊन म्हणालो, “दाऊ नतोद.”

“काय?”

“दाऊ नतोद!”

“नीट बोल की रे! तोंडात बटाटा धरलायस का?”

अर्धा जबडा बधिर, ताई. तिसऱ्यांदा नुसती लाळ गळली. त्यांनी खिडकीतून हात काढून रुमालाने माझी हनुवटी पुसली, म्हणाल्या, “बरं बरं, पुढच्या हिवाळ्यात सांग,” आणि गाडी गेली. आमच्या वस्तीत पुढच्या हिवाळ्याचा भरवसा कुणी देत नाही. दर शरदात दोन-चार दारं उघडतच नाहीत.

आता इथे छान शांतता आहे. शफलबोर्डला तिघंच आहोत.

तुमचा,
नेस्टर

ता. क. इथलं ऑफिस कुणाचा नंबर देत नाही. गिमली तुमच्यापासून तासाभरावर. रस्ते मोकळे झाले की एखाद्या रविवारी जाऊन याल का? बंदराजवळ कुणालाही विचारा, घर दाखवतील. मी काय म्हणत होतो ते त्यांना कळलेलं नाही. ‘जाऊ नकोस’ म्हणत होतो, एवढंच सांगा.

ता. क. दुसरं. वरचं लिहून पाकीट बंद केलं आणि पुन्हा फोडलं. तुम्ही मारूसियाच्या थोरल्या बहीण. मी हे आणखी कुणाला विचारणार? तुम्हाला वाईट वाटणार असेल, तर उत्तरात नुसतं हवामान लिहा. मला समजेल.