त्या तुकड्याचं नाव

शारजा,
शुक्रवार, १८ ऑक्टोबर २००२

ती. बापूंना,
पर्णिकाचा नमस्कार.

मी बरी आहे. उन्हाळा एकदाचा ओसरला, आता संध्याकाळी खिडकी उघडता येते. आईने पाठवलेला लसणाचा मसाला माझ्याआधी खोलीतल्या झुबेदानेच संपवला. रत्नागिरीची आहे, तिला तरी काय बोलणार. गुडघ्याचं तेल अख्ख्या मिरजेला देता, तसं स्वतःलाही लावत जा.

आता कामाचं. वासुदेवकाकांचा फोन तुम्हाला आलाच असेल. त्यांनी काय सांगितलं असेल याचा अंदाज आहे, म्हणून माझंही ऐका.

काकांच्या कंपनीने इथल्या एका दवाखान्याला प्रोग्रॅम करून दिलाय. पेशंटने कार्ड दाखवलं की टोकन मिळतं, आणि कुणाला कधी आत बोलवायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. हे सगळं एकाच लांबलचक फंक्शनमध्ये होतं, म्हणजे सूचनांचा एक मोठा गठ्ठा. इतकी वर्षं जो आला त्याने शेपटाला चार ओळी जोडल्या आणि हात झटकले. पूर्ण वाचायची कुणाची छाती नव्हती. बिघडलं की मला दुरुस्तीला बसवायचे.

मी म्हटलं, हे फोडते. काम तेच राहील, पण लहान तुकडे करायचे आणि जो तुकडा जे करतो तेच त्याला नाव द्यायचं. कार्ड तपासा. टोकन द्या. म्हाताऱ्यांना पुढे घ्या. नावं इंग्रजीत, पण अर्थ हेच. तुमच्या दुकानातल्या बरण्यांसारखं. चिठ्ठी नसलेल्या बरणीतलं चूर्ण कुणाला देऊ नये, हे मी तुमच्याकडूनच शिकले. काका तेव्हा खूश होते.

मग मधल्या काही ओळींपाशी अडले. कार्डावर लेबर कॅम्पचा, म्हणजे मजुरांच्या वस्तीचा पत्ता असला की त्या माणसाचं टोकन सगळ्यांच्या मागे जात होतं. तो पहाटे येऊन बसलेला असो की तापाने फणफणलेला असो. नंतर कुणी आलं की तो आणखी मागे. दवाखान्याच्या मालकांनीच काकांकडून तसं करून घेतलं होतं, आणि त्या गठ्ठ्यात ते कुणाच्या नजरेस पडलं नाही. मी नाव दिलं : ‘कॅम्पच्या पेशंटना शेवटी ढकला.’ दुसरं काय देणार होते?

सोमवारी माझ्याबरोबर काम करणारा मुनीर दवाखान्यात नवा प्रोग्रॅम दाखवत होता आणि प्रोग्रॅम अडकला. अडकला की कुठल्या तुकड्यात ते नाव पडद्यावर येतं. नेमकं हेच आलं, ठळक अक्षरांत. एका डॉक्टरबाईंनी ते मोठ्याने वाचलं आणि मालकांना विचारलं, “इज धिस व्हॉट वी डू?” मालकांनी तिथूनच काकांना फोन लावला.

काकांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“अगं, ‘मिसलेनियस’ लिहायचं ना, खलास. नाव कोण वाचतंय?”

“सगळ्यांनी वाचलं, काका. म्हणून तर तुम्ही चिडलात.”

“क्लायंट हातचा जाईल. नाव बदल, त्यांना सॉरी म्हण, यल्ला, चल, विषय संपला. तुला धंद्यातलं कळायचं नाही.”

“त्या ओळी काढा, नाव आपोआप जाईल. ओळी राहणार असतील तर नावही राहील.”

बापू, मी एकही नियम बदलला नव्हता. प्रोग्रॅम आधी करत होता तेच आताही करत होता. काकांनी मला इथे आणलं, घरच्यासारखं सांभाळलं, हे तुम्ही सांगाल आणि ते खरंच आहे. तरी मी सॉरी म्हणणार नाही. मी राजीनामा दिलाय. व्हिसा काकांच्याच कंपनीचा, त्यामुळे महिनाभरात मला परत यावं लागेल. आईला तुम्हीच सांगा.

इथवर लिहून कागदाची घडी घालत होते. झुबेदा चहा ठेवत म्हणाली, “तुझं अजून कायतरी राहिलंय.” राहिलंय.

काकांचं ते ‘कळायचं नाही’ मी पूर्वी ऐकलंय, आपल्याच दुकानात. बाजार झाडणारी तानुबाई दुकान उघडायच्या आधीपासून खालच्या पायरीवर खोकत उभी असायची. तुम्ही मागून आलेल्या सगळ्यांना औषध द्यायचात. दुकान रिकामं झालं की तिची पुडी, तीही वरून टाकलेली. मी विचारलं होतं, “बापू, तानुबाई आधी आल्या होत्या ना?” तुम्ही म्हणालात, “तुला कळायचं नाही.” तिच्याकडून तुम्ही कधी पैसे घेतले नाहीत, तेही मला आठवतं. पण दुकानातल्या प्रत्येक बरणीवर तुमच्या सुबक अक्षरात चिठ्ठी होती, आणि तिला थांबवून ठेवण्याला मात्र तुम्ही कधी नाव दिलं नाहीत.

हे वाचून तुम्हाला दुखेल. मलाही लिहिताना दुखतंय, पण खोडणार नाही.

आले की मी दुकानात बसणार आहे. जो आधी येईल त्याला आधी. ते चालणार नसेल तर तसं कळवा, पण का चालणार नाही ते त्याच सुबक अक्षरात, स्पष्ट शब्दांत लिहा. ‘असंच असतं’ एवढंच लिहू नका.

तोवर तानुबाई आली तर तिला वर बोलवा.

तुमचीच, माफी न मागणारी,
पर्णिका