‘बघू’ म्हणू नकोस

घरच्या मालकीणबाईंना त्यांच्या शिंप्याचा नमस्कार.

पायाचं प्लास्टर निघालं का? जिन्यावर घाई करू नकोस. मी ठीक आहे. या हॉस्पिसमध्ये आजार बरा करत नाहीत, पण दुखू देत नाहीत. तरी जीव थाऱ्यावर नाही. हात उगाच चादरीची शिवण उसवत बसतात आणि सिस्टर रागावतात.

काल डॉक्टरीणबाईंना म्हटलं, मी गेल्यावर जे उपयोगी पडेल ते काढून घ्या. त्या म्हणाल्या, कॅन्सरमुळे किडनी, लिव्हर चालणार नाही. मला रागच आला. इतकी वर्षं जपलेलं कापड, आणि गिऱ्हाईक म्हणतं नको. मग म्हणाल्या, डोळे चालतील, चष्मा असला तरी. हसू नकोस. मला समोरची कात्री दिसत नाही, हे त्यांना सांगायची गरज नाही.

पण त्या वेळी होकार तुझाच लागेल. तू ‘बघू’ म्हणशील, आणि तुझ्या ‘बघू’चा अर्थ मला चांगला ठाऊक आहे. त्यानेच झोप उडालीय. म्हणून पाय टेकवता आला की लगेच ये.

काम अवघड नाही. पापण्या मिटायच्या, वर ओला कापूस ठेवायचा आणि पंखा बंद करायचा, नाहीतर बुबुळं सुकतात.

त्या पंख्यावरून आपण जन्मभर भांडलो. तू बंद करायचीस, मी उठून पुन्हा लावायचो. त्या दिवशी खुशाल बंद कर. मी उठणार नाही.

ज्याला सदा उकडतं तो,
तुझाच