टपावरच्या स्टेपनीची गाठ

लिहून ठेवणार: जंबाल यांचा मुलगा पेरेनलै, वय वर्षे ७१, धंदा अडतीस वर्षे ड्रायव्हरकी, सध्या मुक्काम दलानझदगद, इस्पितळातली खिडकीजवळची खाट. माझी फुफ्फुसे गेली आहेत, डोके जागेवर आहे. खात्री करायला नर्स डोल्गोरने आज सकाळी वार, आईचे नाव आणि माझ्या व्हॅनचा नंबर विचारला. तिन्ही बरोबर सांगितले. मला कोणी भरीस घातलेले नाही. दारू प्यालेलो नाही, मागूनही मिळाली नाही. माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचे काय करायचे ते खाली लिहितो.

१. नमद्याचे, म्हणजे लोकरीच्या जाड थराचे, पाच भिंतींचे घर चुलीसकट मुलगी न्यामा हिला. चुलीचे नळकांडे बदलतो असे जावई दाग्वा तीन वर्षे म्हणतो आहे. ते बदलेपर्यंत त्याने माझ्या जागेवर बसू नये.

२. चांदीच्या कड्यांचे खोगीर नात एगशीग हिला, वय नऊ. तिचे पाय रिकिबीत पोहोचेपर्यंत कोणी ते भाड्याने देऊ नये.

३. जॅक, पाने आणि हातपंप दाग्वाला. चुलतभाऊ शाराव याला काहीही नाही. माझा आधीचा जॅक त्याने वाकवून परत आणला आणि वर "असाच होता" म्हणाला.

४. करड्या रंगाची व्हॅन न्यामा आणि दाग्वा यांना मिळून. अट एकच: टपावरची स्टेपनी उतरवून फेकून द्यावी, आणि नवी घ्यावी. कारण लिहितो. हे मी एकोणीस वर्षांत कोणाला सांगितलेले नाही.

आमच्याकडचे ऊन रबर खाते. टपावर उघडा ठेवलेला टायर दोन उन्हाळ्यांत भेगाळतो, म्हणून जो तो काहीतरी पांघरतो, ताडपत्री म्हणा, जुना अंगरखा म्हणा. माझी बायको हांदा, आता नाही ती, तिने पांढऱ्या नमद्याची खोळ शिवली. इतकी देखणी की लोक थांबून बघत. वरून तिने निळा रेशमी पट्टा बांधला, गाठीवर दूध शिंपडले. ती गाठ विनाकारण सोडायची नसते. निघण्याआधी स्टेपनी उघडून बघणे म्हणजे पंक्चरला आमंत्रण, असे आम्ही सगळे मानतो. मीही मानले.

पण मी शहाणा! दर वसंतात कॅरियरच्या पट्ट्यांमधून खालून हात घालून टायरला मेंढीच्या शेपटीची चरबी चोळायचो. खोगिराचे कातडे चरबीने टिकते, माझ्या बापाने टिकवले, मग रबर का नाही? हाताला टायर मऊ लागे आणि मला बरे वाटे. सहा वर्षे हाताने चाचपला, डोळ्यांनी एकदाही पाहिला नाही.

सातव्या हिवाळ्यात खाऱ्या तळ्यापलीकडे पुढचे चाक फुटले. बरोबर धाकटा भाऊ चोइजिन होता. आम्ही गाठ सोडली. खोळीला डागही नव्हता. आत टायर फुगून आला होता, रबर बोटाने सोलून निघत होते.

"दादा, हे काय रे?" चोइजिन म्हणाला.

"टायरवाल्या वंदानने फसवलं. कुजका माल गळ्यात मारला."

"त्याच्या नावाने मग बोंबल. आधी माणसं शोधायला हवीत. मी जातो चालत."

"मी जातो."

"त्या गुडघ्याने? बस गपचूप. शेगडी विझू देऊ नकोस म्हणजे झालं."

उणे छत्तीस होते. तिसऱ्या दिवशी तो सापडला, बसल्या जागी गोठलेला, एका बिऱ्हाडापासून हाकेच्या अंतरावर. माझ्या हातमोज्यांना चरबीचा वास येत होता. रबर माझ्या चरबीनेच कुजवले, हे मला तेव्हाच कळले होते, त्याच दिवशी. तरी बाजारात मी वंदानचेच नाव घेतले. त्याचे टायरचे दुकान बसले आणि तो बायको-मुलांना घेऊन मंदालगोवीला गेला.

गप्प राहिलो ते राहिलोच. दाग्वाने माझे पाहून चरबी लावायला सुरुवात केली, तेव्हा नको म्हणालो असतो तर त्याने "का?" असे विचारले असते. पुढे दुसरी स्टेपनी घेतली, तिच्यावर न्यामाने आईची खोळ पुन्हा शिवून चढवली, तोच पट्टा बांधला. ती गाठ सुटलेली नाही, आता आठ वर्षे झाली.

५. माझी तपकिरीची कुपी, प्रवाळाच्या बुचासह, वंदानला. चोइजिन गेल्यावर पुढच्या उन्हाळी जत्रेत त्याने चार माणसांत, सलोख्याची आमची रीत म्हणून, स्वतःची कुपी माझ्यापुढे धरली होती. मी हात पाठीमागे नेले. कलम ४ बाजारात मोठ्याने वाचून मगच ही त्याच्या हातात द्यावी. नाही घेतली तर आग्रह करू नये.

६. इथपर्यंत दुपारी लिहून झाले. हे सगळे तोंडाने सांगावे म्हणून मीच गेल्या आठवड्यात घरच्यांना बोलावले होते. टपालाच्या गाडीने या, असे बजावले होते. आत्ता दाग्वाचा फोन आला.

"बाबा, निघालोय सकाळीच. टपालाची गाडी बिघडलीय, म्हणून आपलीच काढली. एगशीग पण आहे, ऐकतेय कुठे!"

"थांबा तिथेच! मागे फिरा!"

"काय? आवाज तुटतोय, बाबा. मागचं डावं चाक जरा बसतंय, पण काळजी नको, स्टेपनी आहे ना. परवाच चरबी चोळलीय. तुमच्यासारखी."

पुढे काही ऐकू आले नाही. मी अकरा वेळा फोन लावला, डोल्गोरने तिच्या फोनवरून लावला. सुम, म्हणजे तालुका, कचेरीचे कारकून शिरेंदेव साक्षीला आले आहेत; त्यांनी शोधाला गाडी धाडली. डोंगरापलीकडे तीन वाटा आहेत आणि दाग्वा कुठली धरतो ते वाऱ्यावर ठरते. मला फार भीती वाटते आहे.

डोल्गोर शहरातली. तिने विचारले, "आजोबा, किती वेळात पोचतील?" वाटेवरच्या माणसांबद्दल हे आमच्याकडे विचारत नाहीत, अपशकुन मानतात. मी रागावलो नाही.

७. शिरेंदेव म्हणतात, कायद्याप्रमाणे एक ओळ राहिली: वारस माझ्याआधी गेले, तर घर, गाडी आणि खोगीर कोणाला? मी नाही म्हणालो. ते म्हणाले, "पेरेनलै आजोबा, रीतच आहे ती, सगळेच लिहितात. शारावचं नाव घालू?"

ती ओळ मी कोरी ठेवली आहे. जागा सोडली आहे, पण माझ्या हाताने ती भरणार नाही.

सही: जं. पेरेनलै

साक्षीदार १: डोल्गोर, नर्स
साक्षीदार २: शिरेंदेव, कारकून. लिहून ठेवणाऱ्यांनी माझ्यासमोर सही केली. खाट रस्त्याकडे फिरवून द्या म्हणाले, दिली. हवा उणे चौतीस. रस्त्यावर गाडी नाही.

ठिकाण: दलानझदगद
दिनांक: १९ जानेवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटे