पूर्वेची खिडकी आणि तुमचा चष्मा

बाबा, तुमचा चष्मा अजून माझ्याकडेच आहे. त्याच्यामुळे यंदा ईस्टरला जे झालं, ते तुम्हाला सांगितल्यावाचून मला चैन पडायचं नाही.

पण आधी खिडकी. किन्हीराजाच्या वाटेवरचं आपलं टिनाचं चर्च, आणि तुम्ही तिथले वाचक. शुभवर्तमान वाचायची वेळ झाली की तुम्ही पुस्तक घेऊन पूर्वेच्या खिडकीपाशी जायचात आणि सगळी मंडळी उठून तिकडे तोंड करायची. शहरातल्या बायबल शाळेत दोन वर्षं काढून मी परतले, तेव्हा त्यामागचं कारण मला कळलं. आजोबा वाचक होते तेव्हा वीज नव्हती, त्यांना कमी दिसायचं आणि उजेड तेवढ्या एका खिडकीतून यायचा. झालं, मला आयतं कोलीत मिळालं. तुम्ही स्वयंपाकघरात सूप घेऊन हरभरा निवडत बसला आहात आणि मी उभ्या उभ्याच विचारते आहे, "शास्त्रात खिडकी कुठे आहे? जे लिहिलंच नाही ते पाळायचं कशाला?"

"नाही लिवलं," तुम्ही खडा बाजूला टाकत म्हणालात. "पन तुले हे पुस्तक कोनं देलं?"

"तुम्ही."

"अन मले माह्या बापानं, त्याच खिडकीपाशी. तुह्या आजीले एक अक्षर येत नोतं. तिनं सारं तिथंच उभ्यानं आयकलं अन मले निजवता निजवता सांगतलं. पुस्तक काही आभायातून पडलं नाही, बाई."

मी चिडले. "मग बाईनं तिथे वाचायचं नाही, हीपण रूढीच. तीही ठेवा जपून!" बोलून गेले आणि जीभ चावली. खरं दुखणं तेच होतं. मला वाचायचं होतं, बाबा, आणि ते सरळ मागायची हिंमत नव्हती.

तुम्ही रागावला नाहीत. "थांब. हे पाहा लागीन," एवढंच म्हणालात. आठ दिवस ओळीवर बोट ठेवून तुम्ही शुभवर्तमान वाचत होता, आईनं जेवायला हाक मारली तरी उठत नव्हता. मग रविवारी मंडळीसमोर उभे राहिलात. "प्रभूच्या थडग्यापाशी पहिले कोन गेलं? बाया. तो उठला, ही खबर कोनं आनली? बायाईनं. मंग आपल्या खिडकीपाशी बाई काहून नाही?" दोन म्हातारे तणतणत बाहेर गेले. त्यातले एक चहाच्या वेळेला परत आले. त्या ईस्टरला मी वाचलं आणि तुम्ही मागच्या रांगेत हात जोडून, खिडकीकडे तोंड करून उभे होता. घरी येताना म्हणालात, "रूढी शास्त्रानं पारखून घ्याची. पन शास्त्र आपल्यापाशी आलं कसं, तेही इसराचं नाही." तेव्हा मला फक्त पहिलं वाक्य ऐकू आलं. आपण जिंकलो, याच आनंदात होते मी.

आता माझेही केस पांढरे झालेत. नवे पाळक तरुण आहेत, मनाचे चांगले आहेत. वचनं मोठ्या अक्षरात दाखवायला त्यांना पडदा लावायचा होता, नेमका त्या खिडकीवर. "ताई, खिडकीकडे वळा असं कुठं लिवलं हाय?" त्यांनी विचारलं आणि मला हसू आवरेना. माझाच प्रश्न फिरून माझ्याच दारी आला होता. आतून मात्र मी घाबरले. ती खिडकी बुजली असती तर तुम्ही मला दुसऱ्यांदा सोडून गेला असता. म्हटलं, "नाही लिहिलं. पण ईस्टर होऊ द्या, मग ठरवा."

ईस्टरच्या सकाळी गडबडीत मी चष्म्याची डबी उचलली, ती तुमची निघाली. दोन्ही डब्या सारख्याच काळ्या. खिडकीपाशी चष्मा डोळ्यांवर चढवला तर पानावर नुसतं गढूळ पाणी. मंडळी उठून वळलेली, ऊन थेट पानावर आलेलं. आता मागे कसं फिरणार? मी बोट ठेवलं आणि तोंड उघडलं. त्या बाया पहाटे थडग्याकडे निघाल्या, धोंड बाजूला सरलेली होती, सगळं ओळीनं येत गेलं. तुम्ही जिथे थांबायचात तिथेच मी थांबत होते.

पाळकांचे डोळे भरून आले होते. "ताई, पडदा दुसऱ्या भिंतीले लावू," ते म्हणाले. "असं वाचन म्या कधी आयकलं नाही."

हे पत्र घडी करून तुमच्या डबीत ठेवते आहे. पाळकांना मी अजून सांगितलेलं नाही. लिहिलंय तेवढंच खरं म्हणून तुमच्याशी भांडलेल्या तुमच्या लेकीनं त्या दिवशी पुस्तकातलं एक अक्षरही वाचलं नव्हतं, बाबा.