हिरव्याचं निळं कुणी केलं

ता. १४, मंगळवार, दुपार

धाकटे,

ताईचे आशीर्वाद. अक्षर ओळखलंस ना? दुसरीत शाळा सुटली तेव्हा होतं तसंच आहे, फक्त आता हात हलतो म्हणून जरा नाचरं झालंय. माझी तब्येत ठणठणीत. दात गेले, जीभ शाबूत आहे. नात माझ्यापेक्षा हातभर उंच झालीय आणि दिवसातून दहादा मला "आजी, शांत हो" म्हणते. कालही म्हणाली. पण काल मी शांत होणार नव्हते. ऐकच तू.

आमचे हे जाऊन दोन वर्षं झाली, ते तुला कुणाकडून कळलं असेलच. त्यांना तिकिटांचं वेड. टपालाची गं, सिनेमाची नव्हे. यंदा त्यांच्या तिकीट मंडळानं त्यांच्या वह्यांचं प्रदर्शन ठरवलं. दारावर यांचं नाव, आत मधोमध यांचं ते जहाजाचं निळं तिकीट. सगळ्या जगात ते जहाज हिरवं छापलंय, आमच्याकडचं एकटं निळं. छापताना पिवळी शाई द्यायची राहून गेली असणार, असं हे म्हणायचे. हिरवा म्हणजे निळ्यावर पिवळा, एवढं मलाही कळतं. जन्मभर इस्पितळाच्या चादरी धुतल्यात मी. रंग कसा जातो ते मला कुणी शिकवायला नको.

तर काल मंडळात बाहेरून पारखी आला. कोट असा कडक, की बसताना मोडेल वाटलं. चिमट्यानं तिकीट उचललं, झुरळ उचलावं तसं. भिंग लावलं, जांभळा दिवा लावला, उलटं केलं, सुलटं केलं. मग म्हणतो, "कागद अस्सल, कडेचे दाते अस्सल, रंग खोटा. शिक्क्याच्या काळ्या शाईच्या कडेला बघा. हिरवा उरलाय तिथं. म्हणजे तिकीट हिरवंच होतं, वर शिक्का बसला, आणि मग कुणीतरी पिवळा उतरवला."

मी भिंगातून पाहिलं. माणूस खोटं बोलत नव्हता. शिक्क्याच्या रेघेला बारीक हिरवं लागलेलं होतं, शेवाळासारखं.

इथवर माझी तक्रार नाही. पण पुढे म्हणतो, "असले उद्योग मालकच करतात. प्रमाणपत्रात लिहावं लागेल." आणि मंडळाचे अध्यक्ष, ज्यांनी आमच्या घरी पिंपभर चहा ढोसला असेल, ते खाली मान घालून म्हणतात, "मग प्रदर्शन राहू दे." राहू दे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मालक म्हणजे कोण? नाव घ्या की!" म्हटलं. "तो काही उठून उत्तर द्यायला येत नाही!"

"आजी, शांत हो."

"तू गप्प बस गं!"

धाकटे, पत्ते खेळताना चुकून दुसऱ्याचं पान दिसलं तर स्वतः सांगून टाकणारा माणूस तो. त्याला लबाड म्हणायचं? मी तिथल्या तिथं मोरी धुवायचं ब्लीच मागवलं, बशीत ओतलं. यांच्या वहीत तसली हिरवी जहाजं अकरा होती. शिक्का मारलेलं एक काढलं आणि बशीत सोडलं. सगळी टकली बशीवर वाकली. बघता बघता पिवळा निघून गेला, जहाज निळं! पारख्यानं भिंग लावलं. "हुबेहूब," म्हणाला.

"मग? चादरींच्या टबात पडलं तरी हेच होतं. मालक कशाला हवा?"

"पण बाई, पाकिटावरचं तिकीट आपण होऊन टबात जात नाही. टाकलं कुणी?"

इतकं लांबण लावलं ना मी, ते इथं यायला नको म्हणूनच.

"मी टाकलं," म्हटलं. "पाकिटासकट. माझ्या धाकट्या बहिणीचं पत्र होतं. न फोडता टाकलं."

आई जाऊन महिना झाला होता. ती तुझं नाव घेत गेली आणि तू आली नव्हतीस. पाकिटावर तुझं अक्षर दिसलं. मनात आलं, आता लिहितेय! कामावरच्या ब्लीचच्या टबात तसंच बुडवलं. वर येऊ नये म्हणून काठीनं दाबून धरलं. मग काय वाटलं कोण जाणे, दहा मिनिटांनी उपसून काढलं. आतला कागद पांढराफटक. एक अक्षर उरलं नव्हतं. तिकीट तेवढं राहिलं, निळं होऊन. ते यांच्या डब्यात गुपचूप टाकलं. चार दिवसांनी यांना सापडलं तर घरभर नाचले गं! कुठून आलं विचारलं, तर म्हटलं, इस्पितळाच्या रद्दीतून आलं असेल. तिकिटाचं खरं सांगायचं तर पत्राचंही सांगावं लागलं असतं. आणि हे सारखे विचारायचे, "धाकटीचं काही आलं का?" मी म्हणायची, नाही.

पारख्यानं लिहिलं, "रंग मूळचा नाही. घरी अनवधानाने बदलला. मालकाचा दोष नाही." मी 'अनवधानाने' खोडायला लावलं. तो म्हणाला, दुसरं काय लिहू? म्हटलं, रागाच्या भरात. असलं प्रमाणपत्रात येत नाही म्हणे. म्हटलं, आजपासून येईल. लिहिलं बापड्यानं. प्रदर्शन रविवारी आहे, तिकीट प्रमाणपत्रासकट मधोमध, आणि दारावर यांचं नाव. जिंकले मी! वाटभर हसत होते.

घरी आल्यावर नातीनं विचारलं, "मावशीआजीनं काय लिहिलं होतं गं त्यात?"

काय सांगू तिला? तू का आली नाहीस, ते मी तेव्हाच माझं मी ठरवून टाकलं होतं, आणि ज्याला त्याला तेच सांगत फिरले.

पुन्हा लिहिशील? आठवेल तसं लिही. मला शिव्या दिल्या असशील तर त्याही लिही. दारातच उभी राहून फोडेन, कोरड्या हातांनी.

एकतीस वर्षं उत्तर न दिलेली,
तुझी ताई